जमिनीतली ऊब घरात कशी येते?



आज घरी गेल्यावर फ्रिजच्या बाहेरच्या बाजूला किंवा खालच्या जाळीजवळ हात धरून पाहा. आत दूध गार असते, पण बाहेर हाताला कोमट लागते. फ्रिज गारवा तयार करतो असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता तो दुधातली, भाज्यांतली, कालच्या आमटीतली उष्णता उचलतो आणि स्वयंपाकघरात आणून सोडतो. उष्णता गेली की मागे उरतो तो गारवा.

आता अशी कल्पना करा की फ्रिजची गार बाजू अंगणाकडे आहे आणि कोमट बाजू घराकडे आहे. मग तो अंगणातली उष्णता उचलून घरात आणून सोडील. अशा यंत्राला हीट पंप म्हणतात. पंप विहिरीतले पाणी खालून वर चढवतो, त्याप्रमाणे हा पंप उष्णता थंड जागेतून गरम जागेत चढवतो. ही उष्णता जमिनीतून घेतली, तर त्याला भू-उष्मा पंप म्हणायचे. इकडे लोक त्याला जिओथर्मल हीट पंप या नावाने ओळखतात.

हा विषय या अंकात घेण्याचे कारण सांगतो. आपल्या इंडियानात घर तापवणे ही चैन नव्हे. १९ जानेवारी १९९४ रोजी इंडियानापोलिसचा पारा उणे २७ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. घरातली जुनी फर्नेस बंद पडते ती बहुधा अशाच कडाक्याच्या थंडीत. तेव्हा घरातल्या मोठ्यांना एका दिवसात निर्णय घ्यावा लागतो आणि मिळेल ते यंत्र बसवले जाते. ते पुढे पंधरा-वीस वर्षे घरात राहते. म्हणून त्याची माहिती आधीच करून घेतलेली बरी. हा पाठ विद्यार्थ्यांनी पालकांना मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे वाचनाचा सराव होईल आणि विषयही घरात पोचेल.

१. हे गरम पाण्याचे झरे नव्हेत

'जिओथर्मल' हा शब्द ऐकला की पुष्कळांना वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आठवतात. कोकणात अशा झऱ्यांना 'उन्हाळे' म्हणतात. राजापूरजवळच्या एका गावाचे नावच उन्हाळे आहे. तिथले पाणी खोल खडकांतून तापून वर येते. कॅलिफोर्नियात 'द गीझर्स' नावाच्या भागात जमिनीतल्या वाफेवर वीज तयार करतात, तीही पृथ्वीच्या पोटातली उष्णता.

भू-उष्मा पंपाला असले काही लागत नाही. त्याला हवी असते आपल्या पायाखालची साधी, थंड वाटणारी माती. या वरवरच्या मातीतली उष्णता मुख्यतः सूर्याकडून आलेली असते. मराठीत 'ऊन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बाहेर पडलेले ऊन आणि ताटातला ऊन ऊन भात. जमिनीतल्या या उष्णतेला दोन्ही अर्थ लागू पडतात. ती उन्हाची आहे आणि ती ऊनही आहे, फक्त हाताला तशी जाणवत नाही.

२. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट का लागते?

गावाकडे आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा. थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते. वैशाखात तेच पाणी गार लागते. पाणी मात्र वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचे असते. बदलते ती बाहेरची हवा आणि त्या हवेला सरावलेला आपला हात.

माती ही उष्णतेच्या बाबतीत संथ असते. उन्हाळ्याचा ताव हळूहळू खाली उतरतो. साधारण ६ फूट खोलीवर तो दीड-दोन महिने उशिरा पोचतो आणि पोचेपर्यंत निम्म्याहून अधिक विरून जातो. ३० फुटांच्या खाली ऋतू जवळजवळ कळतच नाहीत. तिथले तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास स्थिर राहते. अमेरिकेत जागेप्रमाणे ते ४५ ते ७५ अंश फॅरनहाइट असते. मध्य इंडियानात ते ५५ अंशांच्या जवळपास आहे.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. जानेवारीत बाहेर १० अंश, जमिनीत ५५. जुलैत बाहेर ९०, जमिनीत ५५. म्हणजे हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा उबदार आणि उन्हाळ्यात हवेपेक्षा गार. घर मात्र आपल्याला बारा महिने ७०-७५ अंशांवर हवे असते. १० अंशांवरून ७० अंशांपर्यंत चढण्यापेक्षा ५५ वरून ७० पर्यंत चढणे सोपे. जिना जितका लहान, तितके पंपाचे कष्ट कमी.

३. थंड जागेतून उष्णता कशी उचलतात?

उष्णता आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट जात नाही. मग ५५ अंशांच्या मातीतली उष्णता ७० अंशांच्या घरात कशी शिरते? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या तीन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट माठ. माठाच्या अंगातून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना पाणी उष्णता ओढून घेते, म्हणून आतले पाणी गार होते. द्रवाची वाफ होताना उष्णता घेतली जाते.

दुसरी गोष्ट इडलीचे भांडे. झाकण उघडताना वाफेचा जो चटका बसतो तो उकळत्या पाण्याच्या थेंबापेक्षा जबर असतो. वाफ हातावर पुन्हा पाणी होते आणि जवळची सगळी उष्णता तिथेच सोडते. वाफेचा द्रव होताना उष्णता बाहेर पडते.

तिसरी गोष्ट प्रेशर कुकर. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये दाब वाढतो आणि तेच पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. दाब वाढला की उकळण्याचे तापमान वाढते, दाब कमी झाला की तेही उतरते. आणि ज्या तापमानाला द्रव उकळतो, त्याच तापमानाला त्याची वाफ पुन्हा द्रव होते.

हीट पंपात पाण्याऐवजी एक वेगळा पदार्थ असतो. त्याला शीतक म्हणतात. घरगुती यंत्रांतली आजची शीतके साध्या हवेच्या दाबाला उणे ६० अंश फॅरनहाइटच्या आसपास उकळतात. दाब कमी-जास्त करून हे उकळणे आपल्याला हव्या त्या तापमानाला आणता येते. सगळी किमया एवढीच आहे.

४. हिवाळ्यातला फेरा

आता जमिनीपासून घरापर्यंत एक फेरा मारू. आकडे साधारण आहेत, घराप्रमाणे बदलतात.

पहिली पायरी. अंगणात पुरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतून पाणी फिरत असते. ते गोठू नये म्हणून त्यात न गोठणारा द्रव मिसळलेला असतो. ऐन थंडीत ते यंत्राकडून मातीत जाते तेव्हा ३५ अंशांच्या आसपास असते. मातीतून फिरून परत येते तेव्हा ते ४० अंशांच्या वर गेलेले असते. वाढ थोडीच आहे, पण पाणी सतत फिरत असल्यामुळे दिवसभरात बरीच उष्णता गोळा होते.

दुसरी पायरी. हे पाणी यंत्रातल्या शीतकाच्या नळीला वेढून जाते. तिथे दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून शीतक ३० अंशांच्या आसपासच उकळते. आपल्याला ४० अंशांचे पाणी बर्फासारखे लागते, पण ३० अंशांच्या शीतकाला ते ऊनच. शीतक त्यातली उष्णता ओढून घेते आणि त्याची वाफ होते. हे माठाचे काम.

तिसरी पायरी. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड तापते, तशी दाबलेली वाफ तापते. तिचे तापमान आता दीडशे अंशांच्या घरात जाते. यंत्रातली बहुतेक वीज या कॉम्प्रेसरला लागते.

चौथी पायरी. ही गरम वाफ घरातल्या हवेच्या वाटेवरच्या नळ्यांतून जाते. पंखा त्यांवरून घरातली हवा फिरवतो. दाब जास्त असल्याने वाफ शंभर अंशांच्या वरच पुन्हा द्रव होते आणि जमिनीतून आणलेली उष्णता हवेला देऊन टाकते. हे इडलीच्या भांड्याचे काम.

पाचवी पायरी. हा द्रव एका अरुंद झडपेतून जातो. पलीकडे दाब एकदम उतरतो, शीतक पुन्हा थंड होते आणि नव्या फेऱ्याला लागते.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असावी. गॅसच्या फर्नेसमधून येणारी हवा सहसा १२० अंशांच्या वर असते, हीट पंपाची ९५ ते १०५ अंशांची. झरोक्याशी हात धरला तर ती तितकी कढत लागत नाही. म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये. ते थोडी थोडी ऊब जास्त वेळ देते.

५. उन्हाळ्यात तोच पंप उलटा

यंत्रात एक दिशा बदलणारी झडप असते. ती फिरवली की शीतकाचा प्रवास उलटा होतो. आता माठाचे काम घरात होते आणि इडलीच्या भांड्याचे काम जमिनीकडे. घरातली उष्णता शीतक उचलते, नळीतल्या पाण्याला देते आणि पाणी ती मातीत सोडते. साध्या एसीला हीच उष्णता ९० अंशांच्या हवेत ढकलावी लागते. इथे ५५ अंशांच्या आसपासची माती ती आनंदाने घेते. म्हणून उन्हाळ्यातही वीज कमी लागते. काही यंत्रांत ही जाता जाता मिळणारी उष्णता अंघोळीचे पाणी तापवायलाही वापरतात.

फर्नेस वेगळी आणि एसी वेगळा असे दोन संसार इथे नाहीत. दोन्ही कामे एकच यंत्र करते आणि अंगणात पंख्याची खडखडणारी पेटीही लागत नाही.

६. एकाचे साडेतीन कसे होतात?

विजेचा साधा हीटर १ भाग वीज खातो आणि १ भाग उष्णता देतो. याहून जास्त तो देऊच शकत नाही. भू-उष्मा पंप १ भाग वीज घेऊन ३ ते ४ भाग उष्णता घरात आणतो. हे ऐकून मोठ्या मुलांनी शंका घ्यायला हवी, कारण शून्यातून ऊर्जा निर्माण होत नाही असे आपण शाळेत शिकतो.

ती शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर सरळ आहे. साडेतीन भाग उष्णतेपैकी अडीच भाग जमिनीतून आलेले असतात. वीज खर्च होते ती फक्त हमालीसाठी. गोदामातले धान्य हमाल पाठीवरून घरी आणतो, तो धान्य पिकवत नाही. हमालीचा दर आणि धान्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा विचार नवा नाही. विल्यम टॉम्सन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ साली इमारती तापवण्यासाठी अशा यंत्राची कल्पना मांडली होती. स्वित्झर्लंडमधील हाइनरिख झोली यांनी १९१२ साली जमिनीतून उष्णता घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. आणि आपल्या इंडियानापोलिस शहरातले रॉबर्ट वेबर यांनी १९४० च्या दशकात स्वतःच्या घरासाठी जमिनीत तांब्याच्या नळ्या पुरून असा पंप चालवून दाखवला. त्यांची हकिकत अशी सांगतात की, घरच्या डीप फ्रीझरच्या नळीला हात लागून चटका बसला आणि एवढी उष्णता फुकट का घालवायची, असे त्यांच्या मनात आले. फ्रिजच्या बाजूला हात लावायला आम्ही तुम्हांला का सांगितले, ते आता कळले असेल.

७. अंगणात काय पुरतात?

यंत्राची क्षमता 'टन' या मापात सांगतात. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता. १ टन बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते त्यावरून हे माप आले. १ बीटीयू म्हणजे साधारण एक आगकाडी पूर्ण जळल्यावर निघणारी उष्णता. इथल्या सामान्य घराला ३ ते ५ टनांचे यंत्र लागते.

जागा मोठी असेल तर आडवे चर खणतात. ते ४ ते ६ फूट खोल असतात आणि दर टनामागे साधारण ४०० ते ६०० फूट नळी लागते. जागा लहान असेल तर विंधन विहिरीसारखी उभी छिद्रे पाडतात. छिद्र जेमतेम ४ इंच रुंद असते, खोली १०० ते ४०० फूट आणि दोन छिद्रांमध्ये सुमारे २० फूट अंतर. प्रत्येक छिद्रात इंग्रजी 'यू'च्या आकाराची नळी सोडतात आणि भोवती चिकणमातीचे मिश्रण भरतात. त्यामुळे नळी मातीला धरून राहते आणि वरचे घाण पाणी खालच्या भूजलात उतरत नाही. घराजवळ पुरेसे खोल तळे असेल तर नळीची वेटोळी त्याच्या तळाशीही ठेवता येतात.

नळी पॉलिएथिलीनची असते आणि तिचे सांधे उष्णतेने वितळवून एकजीव करतात. ती ५० वर्षांहून अधिक टिकते असे धरतात. घरातले यंत्र २० ते २५ वर्षे चालते. म्हणजे यंत्र एकदा बदलले तरी अंगण पुन्हा खणावे लागत नाही.

याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मन्सी येथील बॉल स्टेट विद्यापीठात पूर्वी कोळशाच्या ४ भट्ट्यांवर इमारती तापवीत असत. २००९ साली तिथे छिद्रे पाडायला सुरुवात झाली. मैदाने आणि वाहनतळ यांच्या खाली सुमारे ३,६०० छिद्रे आहेत. २०१४ साली कोळसा जाळणे बंद झाले. मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम येथे २०२४ साली याच्या पुढचे पाऊल पडले. तिथे गॅस व वीज पुरवणाऱ्या कंपनीनेच रस्त्याखालून नळ्या टाकून वस्तीतल्या अनेक घरांना मिळून एक जाळे दिले आहे.

८. परवडते का?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. आम्ही एक हिशोब मांडतो. दर हिशोबापुरते धरले आहेत, तुमच्या घरच्या बिलातले दर घालून तो पुन्हा करा.

समजा, घराला एका हिवाळ्यात ६ कोटी बीटीयू उष्णता लागते. वीज १५ सेंट युनिट, नैसर्गिक गॅस १ डॉलर थर्म, प्रोपेन अडीच डॉलर गॅलन असे दर धरू. विजेच्या १ युनिटात ३,४१२ बीटीयू असतात, १ थर्ममध्ये १ लाख आणि १ गॅलन प्रोपेनमध्ये ९१,५००. गॅसच्या आणि प्रोपेनच्या फर्नेसमधून ९५ टक्के उष्णता घराला मिळते असे धरू.

विजेचा साधा हीटर : १७,५८५ युनिट, सुमारे २,६३८ डॉलर.
प्रोपेनची फर्नेस : ६९० गॅलन, सुमारे १,७२६ डॉलर.
भू-उष्मा पंप, एकास साडेतीन : ५,०२४ युनिट, सुमारे ७५४ डॉलर.
नैसर्गिक गॅसची फर्नेस : ६३२ थर्म, सुमारे ६३२ डॉलर.

या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. गावाबाहेर राहून प्रोपेन किंवा साधी वीज वापरणाऱ्या घराची दर हिवाळ्यात मोठी बचत होते. नैसर्गिक गॅस स्वस्त मिळणाऱ्या घराला मात्र तापवण्याच्या खर्चात बचत होईलच असे नाही. त्याने उन्हाळ्यातली बचत आणि गॅसचे दरमहाचे ठरावीक शुल्क हेही हिशोबात धरावे. जो विक्रेता दोन्ही घरांना एकच आकडा सांगतो, त्याला आपण जास्त प्रश्न विचारावेत.

छिद्रे पाडण्यामुळे पहिला खर्च फर्नेस आणि एसीच्या कितीतरी पट होतो, हेही खरे आहे. घरमालकांना केंद्र सरकारची ३० टक्के आयकर सवलत मिळत असे. ती ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला लागू नाही. जुन्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख दिसला तर तो हिशोबातून वगळावा. राज्याची किंवा वीज कंपनीची काही सवलत आहे का, ते मात्र विचारून पाहावे.

पैशांपलीकडेही एक बाब आहे. या यंत्रात घरात काही जळत नाही, त्यामुळे त्यापासून धूर किंवा कार्बन मोनॉक्साइड होण्याची भीती नाही. इंडियानातल्या विजेचा मोठा भाग अजूनही कोळशापासून येतो आणि कोळशातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. साध्या हीटरने ती वीज जाळली तर दोन तृतीयांश उष्णता वायाच गेलेली असते. भू-उष्मा पंप तेवढी उष्णता जमिनीतून भरून काढतो. पुढे वीज वारा आणि सूर्य यांपासून जितकी अधिक येईल, तितके हेच यंत्र आपोआप अधिक स्वच्छ होत जाईल.

९. जमिनीचे खाते

पूर्वी आपल्याकडे धान्य साठवायला जमिनीत खड्डा करीत, त्याला पेव म्हणत. सुगीत भरायचे आणि लागेल तसे काढायचे. अंगणातली माती हे उष्णतेचे पेव आहे. उन्हाळ्यात घरातली उष्णता त्यात भरली जाते, हिवाळ्यात ती काढली जाते. बाजूच्या मातीतून आणि वरच्या उन्हातूनही थोडी भर पडते.

पेवात असेल त्यापेक्षा जास्त कोणी काढू लागले तर ते रिकामे होणार. घर मोठे आणि नळी तोकडी असेल तर माती दरवर्षी थोडी थोडी थंड होत जाते, यंत्राचे कष्ट वाढतात आणि बिल चढते. चूक पहिल्या वर्षी दिसत नाही, चौथ्या-पाचव्या वर्षी दिसते आणि तेव्हा पुन्हा खणण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून घराला किती उष्णता लागते याचा खोलीनिहाय हिशोब आधी झाला पाहिजे. खिडक्यांच्या फटी बुजवणे आणि माळ्यावर उष्णतारोधक थर घालणे ही कामे त्याच्याही आधी करावीत. गरज कमी झाली की यंत्र लहान लागते, नळी कमी लागते आणि खर्चही उतरतो.

पालकांनी बसवणाऱ्याला चार प्रश्न अवश्य विचारावेत. घराच्या उष्णतेचा हिशोब लेखी दाखवाल का? दर टनामागे किती फूट नळी घालणार आहात आणि ती का पुरेल? ऐन जानेवारीत जमिनीतून परत येणारे पाणी किती अंशांचे असेल? वीज गेली किंवा यंत्र बंद पडले तर दुसरी सोय काय? या चारांची उत्तरे चांगला माणूस न चिडता देतो.

हे प्रश्न आजच लिहून फर्नेसच्या दारावर चिकटवून ठेवा. ती बंद पडण्याची वाट कशाला पाहायची?

घरी करून पाहा

१. हाताच्या पाठीवर पाण्याचा एक थेंब आणि हात निर्जंतुक करण्याच्या स्पिरिटचा एक थेंब ठेवा आणि फुंकर घाला. कोणता थेंब जास्त गार लागतो? का?
२. बागेत एक फूट खोल खड्डा करा. खणण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा आणि ८११ या क्रमांकावर फोन करून खाली तारा-नळ्या नाहीत याची खात्री करायला सांगा. सकाळी आणि दुपारी हवेचे आणि खड्ड्याच्या तळाचे तापमान मोजा. कुठे जास्त फरक पडतो?

नवे शब्द

ऊब : सुखावणारी उष्णता. गारठा : बोचरी थंडी. उकाडा : घाम आणणारी उष्णता. कोमट : ना गरम ना गार. कढत : उकळल्यासारखे गरम. शीतक : फ्रिजमध्ये आणि हीट पंपात फिरणारा पदार्थ. झडप : प्रवाह अडवणारे किंवा वळवणारे दार. विंधन विहीर : यंत्राने पाडलेली अरुंद खोल विहीर. हमाली : ओझे वाहण्याची मजुरी. पेव : धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा. तोकडा : अपुरा, आखूड.

प्रश्न

१. 'फ्रिज गारवा तयार करत नाही' हे दोन-तीन वाक्यांत समजावून सांगा.
२. माठ, इडलीचे भांडे आणि कुकर यांनी हीट पंपातली कोणती तीन तत्त्वे कळतात?
३. एक भाग विजेतून साडेतीन भाग उष्णता मिळते, तरी ऊर्जेचा नियम मोडत नाही. का?
४. तुमच्या घरचे वीज आणि गॅसचे बिल घेऊन आठव्या भागातला हिशोब पुन्हा करा.
५. मोठ्या मुलांसाठी : नागपुरात घर फक्त गार करावे लागते, तापवावे लागत नाही. तिथे असा पंप बसवला तर काही वर्षांनी मातीचे काय होईल? पेवाच्या उदाहरणाने सांगा.

उत्तरे वहीत लिहून पुढच्या तासाला आणावीत. पाचव्या प्रश्नावर आपण वर्गात चर्चा करू.